मातृवंदना, लेक लाडकी, बालसंगोपन: पैसे नेमके कुठे अडकतात आणि आईच्या हजेरीचं काय होतं?

पाणवठा (धागालेखिका)

योजनेच्या फलकावर रक्कम मोठ्या अक्षरांत असते. ती कितव्या महिन्यात हातात पडणार, हे कुठेच नसतं. बाळाच्या तब्येतीवर आणि आईच्या कामावर परिणाम व्हायचा असेल तर तारखेला रकमेइतकंच महत्त्व आहे, म्हणून हा धागा काढतेय.

सुरुवात प्रधानमंत्री मातृवंदना योजनेपासून. १ एप्रिल २०२२ पासून तिचं नवं रूप लागू आहे. पहिल्या बाळासाठी ५००० रुपये, दोन हप्त्यांत. गरोदरपणाची नोंद आणि पाळी चुकल्यापासून नव्हे, शेवटच्या पाळीच्या तारखेपासून ६ महिन्यांच्या आत किमान एक तपासणी झाली की ३०००. बाळाच्या जन्माची नोंद आणि १४ आठवड्यांपर्यंतचं लसीकरण पूर्ण झालं की उरलेले २०००. दुसरं अपत्य मुलगी असेल तर जन्मानंतर एकरकमी ६०००. आईचं वय किमान १८ वर्षं ७ महिने.

आता हिशेब. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. त्या दराने ३००० म्हणजे दहा हजेऱ्याही भरत नाहीत. पूर्ण ५००० धरले तर सोळा. पगारी बाईला कायद्याने २६ आठवडे मिळतात. तेवढीच विश्रांती मजूर बाईला द्यायची ठरली, तर आठवड्याला सहा हजेऱ्यांप्रमाणे ४८,६७२ रुपये लागतील. म्हणजे ही योजना बुडालेली मजुरी भरून देत नाही. ती फार तर खाण्यापिण्याचा आणि दवाखान्याच्या खेपांचा आधार आहे.

तो आधारही वेळेवर आला तरच. गर्भाचं वजन सातव्या महिन्याच्या सुमारास साधारण किलोभर असतं, पूर्ण दिवसांचं बाळ तीन किलोच्या आसपास. म्हणजे निम्म्याहून जास्त वजन शेवटच्या तीन महिन्यांत चढतं. त्या तीन महिन्यांत आई पोटभर जेवली आणि ओझी उचलायची थांबली तर फरक पडतो. पहिला हप्ता बाळंतपणानंतर जमा झाला तर कागदावर योजना यशस्वी, पण त्या बाळाच्या जन्मवजनाला त्याचा काहीच उपयोग नाही.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ४ मध्ये 'किमान ६००० रुपये' लिहिलंय. तेव्हापासून मजुरी, तेल, डाळ सगळं वाढलं, हा आकडा तिथेच आहे. तमिळनाडूत डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी योजनेत रोख आणि पोषण किट मिळून १८,००० देतात, तेव्हा अशक्य आहे असं कुणी म्हणू नये.

ज्यांचा या कामाशी रोजचा संबंध आहे त्यांनी तपशील लिहावेत. आकड्यांसकट.

खतावणी

चांगला धागा. अर्ज भरण्याच्या बाजूने लिहितो. अडकलेल्या हप्त्यांत चार कारणं पुन्हापुन्हा दिसतात.

पहिलं, चुकीचं खातं. हे पैसे अर्जात लिहिलेल्या खाते क्रमांकावर जात नाहीत, आधारवर जातात. एनपीसीआयच्या (बँकांमधली देवघेव चालवणाऱ्या राष्ट्रीय महामंडळाच्या) नोंदीत तुमच्या आधारसमोर ज्या बँकेचं नाव सगळ्यात शेवटी चढलंय, त्या बँकेत. आणि 'खात्याला आधार जोडलंय' आणि 'एनपीसीआयला नोंद आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेतला माणूस 'लिंक आहे' म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा पहिली सांगत असतो. शिवाय सिमकार्ड घेताना अंगठा देऊन पेमेंट बँकेचं खातं उघडलं गेलेलं असतं, नोंद तिकडे गेलेली असते आणि बाईला त्या खात्याची गंधवार्ता नसते. 'पैसे आलेच नाहीत' या तक्रारीत पैसे तिथे पडून असू शकतात. म्हणून अर्जाच्या आधी माय-आधार संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' बघा. बँकेचं नाव दिसतं आणि पुढे 'अॅक्टिव्ह' की 'इनॅक्टिव्ह' हेही. बदलायचं असेल तर हव्या त्या बँकेत जाऊन थेट लाभ हस्तांतरणाचा संमती अर्ज भरा आणि पोच घ्या. आठवड्याभराने पुन्हा तपासा. नुसता आधारचा झेरॉक्स देऊन येऊ नका.

दुसरं, नाव. आधारवर माहेरचं आडनाव, पासबुकावर सासरचं, माता-बाल संरक्षण कार्डावर आशाताईंनी ऐकून लिहिलेलं तिसरंच. आधार बदलून मगच अर्ज करायचा म्हटलं तर दोन महिने जातात आणि ६ महिन्यांची मुदत हुकते. त्यापेक्षा आधारवर जे नाव आहे तेच बाकी सगळीकडे चालवा. अर्ज आधारच्या नावाने, कार्डावर तेच नाव, आरसीएच नोंदणीतही (आरोग्य खात्याच्या माता-बाल नोंदीत) तेच. आधारवरचं आडनाव हप्ते संपल्यावर सावकाश बदलता येतं.

तिसरं, शेवटच्या पाळीची तारीख. सगळी मुदत या एका तारखेवरून मोजली जाते. कार्डावर एक, आरसीएचमध्ये दुसरी, सोनोग्राफीवरून काढलेली तिसरी असली की अर्ज दुरुस्तीला परत येतो. पहिल्याच तपासणीला कार्डाचं पहिलं पान उघडून ती तारीख नर्सताईंसमोर वाचून घ्यायची आणि फोनमध्ये फोटो काढून ठेवायचा.

चौथं, झोपलेलं खातं. दोन वर्षं स्वतःहून व्यवहार केला नाही की खातं निष्क्रिय होतं. जनधनमध्ये पूर्ण केवायसी नसलेलं 'छोटं खातं' असेल तर महिन्याला १०,००० च्या वर काढता येत नाही आणि शिल्लक ५०,००० च्या वर ठेवता येत नाही. इतर योजनांचे पैसे त्याच खात्यात साठत असतील तर पैसे काढण्याची मर्यादा आडवी येऊ शकते. केवायसी करून घ्या, फुकट होते.

अजून एक, नवऱ्याचं आधार आता सक्तीचं नाही. एकल आई, सोडून दिलेली बाई, सगळ्यांचा अर्ज होतो. तरी कुणी अडवलं तर १४४०८ या क्रमांकावर विचारा.

रानजाई

वाचनखूण साठवली. दोन प्रश्न. पहिल्या वेळी नोंद उशिरा झाली तर सगळंच जातं का? आणि दुसऱ्या वेळी मुलगीच होईल हे आधी कुणाला ठाऊक असतं, मग अर्ज कधी करायचा?

खतावणी

@रानजाई, पहिल्या बाळासाठी जन्मानंतर २७० दिवसांपर्यंत अर्ज करता येतो. पण मग पैसे बाळंतपणानंतर येणार, म्हणजे पाणवठाताईंनी लिहिलं तोच प्रश्न.

दुसऱ्या वेळी गरोदरपणातच नोंद झालेली असणं बंधनकारक आहे. अर्ज जन्मानंतर, पण मूळ नोंद आधीची. नेमकी इथेच चूक होते: 'मुलगी झाली तर बघू' म्हणून कुणी नोंदच करत नाही. दुसऱ्या खेपेलाही तिसऱ्या महिन्याच्या आत अंगणवाडीत नाव घाला. जुळी झाली आणि त्यात एक जरी मुलगी असली तरी लाभ मिळतो. गर्भपात झाला किंवा मृत बाळ जन्मलं तर पुढच्या वेळी ती बाई नव्याने पात्र धरतात. हे घरच्यांना माहीत नसतं, आणि त्या दिवसांत कुणी विचारायलाही जात नाही. आशाताईंनीच सांगायला हवं.

उंबरठा

तारखेचा मुद्दा लेक लाडकीला जास्तच लागू आहे. १ एप्रिल २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलीला, पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर, जन्मानंतर ५०००, पहिलीत ६०००, सहावीत ७०००, अकरावीत ८००० आणि १८ पूर्ण झाल्यावर ७५,०००. एकूण १,०१,०००. यातला तीन चतुर्थांश भाग अठराव्या वर्षी. जन्म ते पहिली या सहा वर्षांत एकदाच ५०००. मूल खुरटतं ते पहिल्या दोन-तीन वर्षांत, आईचं काम सुटतं तेही तेव्हाच, आणि योजना नेमकी तिथे गप्प आहे. मुलीला अकरावीपर्यंत शाळेत ठेवायला, लग्न लांबवायला ही रचना बरी आहे, ते मी नाकारत नाही. पण तिला बालकल्याणाची योजना म्हणताना ही सहा वर्षं विसरू नयेत.

कागदांत लोक अडकतात ते कुटुंब नियोजन शस्त्रक्रियेच्या प्रमाणपत्रावर. पहिल्या अपत्याच्या तिसऱ्या हप्त्याला आणि दुसऱ्या अपत्याच्या दुसऱ्या हप्त्याला ते लागतं. आई किंवा वडील, कुणाचंही चालतं. शस्त्रक्रिया झाली त्याच आठवड्यात दवाखान्यातून प्रमाणपत्र घ्या. सहा-बारा वर्षांनी जुनं रजिस्टर शोधायला लावायचं म्हणजे ज्याचं त्यालाच कठीण.

आता उत्पन्नाची अट, वर्षाला १ लाख. ३१२ रुपये मजुरी धरली तर नवराबायकोच्या मिळून ३२१ हजेऱ्या झाल्या की लाख पार. एकेकाच्या १६० च्या आसपास. वर्षातला निम्मा वेळही दोघं राबले नाहीत तरच मुलगी पात्र. मग दाखल्यावर खरं उत्पन्न कोण लिहील? प्रामाणिक कुटुंब बाहेर पडतं, आणि दाखला सगळ्यांचाच एका साच्यातला निघतो.

शिवारफेरी

उत्पन्नाची अट काढली तर बंगलेवाले रांगेत येतील, उंबरठाताई. तिजोरीलाही मर्यादा असते.

उंबरठा

अट नकोच असं माझं म्हणणं नाही. पण एकाच घराला मातृवंदनेसाठी ८ लाख, लाडक्या बहिणीसाठी अडीच लाख, लेक लाडकीसाठी १ लाख आणि बाल न्याय कायद्याखालच्या प्रायोजकत्वासाठी ग्रामीण भागात ७२,०००. चार योजना, चार रेघा, दाखला देणारा तहसीलदार एकच.

यातली शेवटची रेघ सगळ्यात जाचक आहे, तीच जवळून बघा. मिशन वात्सल्यमधलं प्रायोजकत्व म्हणजे वडील वारलेल्या किंवा आईबाप सांभाळू शकत नसलेल्या मुलाला दरमहा ४०००. शहरात मर्यादा ९६,०००, गावात ७२,०००. विधवा आई ३१२ रुपयांवर कामाला जाते. वर्षातल्या २३० दिवसांपर्यंत ती ७१,७६० कमावते, मूल पात्र. २३१ व्या दिवशी ७२,०७२, मूल अपात्र. महिन्याला २५ हजेऱ्या भरणाऱ्या बाईचे वर्षाचे ९३,६०० होतात. म्हणजे मर्यादेच्या वर तिने २१,६०० जास्त कमावले आणि मुलाचे ४८,००० गेले. कोणत्याही शहाण्या आईने अशा वेळी काम कमीच करावं किंवा लपवावं. 'फुकट पैसे दिले की लोक कामाला जात नाहीत' असं म्हणतात, तिथे बाईला पैशाने थांबवलेलं नाही, त्या रेघेने थांबवलंय. मर्यादा ओलांडल्यावर रक्कम टप्प्याटप्प्याने कमी केली असती तर हा पेच उरला नसता.

पाणवठा

हे फार नेमकं मांडलंत. प्रायोजकत्वाचा आणि बालसंगोपनाचा अर्ज कसा करायचा तेही लिहाल का? बऱ्याच घरांना ही योजनाच माहीत नसते.

उंबरठा

लिहिते. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना राज्याची, दरमहा २२५०, १८ वर्षांपर्यंत. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षात. कागद: मुलाचं आणि आईचं आधार, रेशनकार्ड, वडिलांचा मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, पासबुक आणि घरासमोर आई आणि मुलं उभी असलेला फोटो. हा फोटो नुसत्या चेहऱ्यांचा नको, मागे घर दिसायला हवं, नाहीतर परत मागतात. मग घरी येऊन गृहचौकशी होते, अहवाल बाल कल्याण समितीपुढे जातो, समिती मुलाला आणि पालकाला समोर बोलावते आणि आदेश काढते. समिती जिल्ह्याच्या ठिकाणी बसते, तेव्हा शाळा आणि मजुरी एकाच दिवशी बुडेल असं धरून चाला. बैठकीचा वार फोन करून विचारल्याशिवाय निघू नका.

वेळ जातो तो मृत्यूच्या दाखल्यावरच्या नावात आणि मुलाच्या खात्यात. मुलाचं खातं आईसोबत संयुक्त काढा, आणि ते पतसंस्थेत नको, राष्ट्रीयीकृत बँकेत किंवा पोस्टात. आदेशाची मुदत संपायच्या आत नूतनीकरणाचा अर्ज द्यायचा. शाळा बदलली तर नवं बोनाफाईड लगेच नेऊन द्यायचं.

कामगारकट्टा

पगारी आणि कंत्राटी बायकांबद्दल लिहितो, कारण मातृवंदनेतून त्या बाहेर असतात. सरकारी नोकरी असेल किंवा दुसऱ्या कायद्याने प्रसूतीलाभ मिळत असेल तर मातृवंदना नाही.

पगार २१,००० पर्यंत असेल आणि विमा योजनेत नाव असेल तर राज्य कामगार विमा महामंडळ २६ आठवड्यांची पूर्ण सरासरी मजुरी देतं, पहिल्या दोन अपत्यांसाठी. अट एकच: आधीच्या दोन अंशदान कालावधींत मिळून किमान ७० दिवसांचं अंशदान (विम्याचा हप्ता) भरलेलं असावं. हे कालावधी एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे असतात. कंत्राटदार पगारातून ०.७५ टक्के कापतो पण पुढे भरत नाही, आणि कळतं तेव्हा सातवा महिना लागलेला असतो. दिवस राहिल्याचं समजलं त्याच महिन्यात आपल्या विमा क्रमांकावर अंशदानाचा तपशील बघा. नसेल तर शाखा कार्यालयात लेखी तक्रार, पगाराच्या पावत्यांच्या प्रती जोडून.

विमा नसलेल्या आस्थापनेत नोव्हेंबर २०२५ पर्यंत १९६१ चा प्रसूतीलाभ कायदा होता. २०१७ च्या दुरुस्तीने १२ चे २६ आठवडे झाले, त्यातले जास्तीत जास्त ८ प्रसूतीच्या आधी घेता येतात. आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असावं. त्याच्या जागी आता लागू झालेल्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हे आकडे तसेच आहेत. इथे गोम अशी की संपूर्ण खर्च मालकाच्या माथी. विम्यात तो सगळ्या कामगारांच्या अंशदानातून निघतो, म्हणून मालकाला बाई ठेवताना हात आखडावासा वाटत नाही. इथे वाटतो. रजा वाढवणारा कायदा चांगला आहे, पण तिचा खर्च सामाईक निधीतून यायला हवा, हे माझं ठाम मत.

पाळणाघराचंही तसंच. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाना कायद्याच्या कलम ४८ प्रमाणे ३० पेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तर पाळणाघर लागायचं. तेव्हाच्या बांधकाम कामगार कायद्यात ५० पेक्षा जास्त स्त्रिया अशी अट होती. ज्याला ते टाळायचं असायचं त्याने बायका कमी घेतल्या की झालं. प्रसूतीलाभ कायद्यातली अट मात्र एकूण ५० कामगारांची, स्त्री-पुरुष मिळून, आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाण्याची मुभा. मोजणी अशीच हवी. मूल दोघांचं असतं.

बांधकामावरच्या कुटुंबांनी महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी जिवंत ठेवा. नैसर्गिक प्रसूतीला १५,०००, शस्त्रक्रियेने झाली तर २०,०००, दोन अपत्यांपर्यंत. पहिली ते सातवीच्या मुलांना वर्षाला २५००, आठवी ते दहावीला ५०००, हजेरी ७५ टक्के असली तर. वर्षात ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं, आणि ठेकेदार सही करत नाही. तिथे न अडता ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेकडून मिळतं का बघा. प्रसूतीच्या दिवशी नोंदणीची मुदत संपलेली असेल तर अर्ज बाद होतो. नूतनीकरणाची तारीख घरात कॅलेंडरवर लिहून ठेवा.

शिवारफेरी

उंबरठाताईंचं २३१ व्या दिवसाचं गणित पटलं. माझा आक्षेप मागे घेतो. अट राहू दे, पण अशी कड्यासारखी तुटलेली नको.

ऊसतोडीचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती टनांवर फिटते. बाई सातव्या महिन्यात असली तरी फडात येते, कारण ती घरी राहिली की अर्धा कोयता गेला, आणि खाडा झाला तर वरून दंड. त्या घराला ५००० मिळाले म्हणून ती थांबेल, हे होत नाही. उचलीचा हिशेब त्याच्या कितीतरी पट असतो.

मुलांचं म्हणाल तर तान्हं बाळ फडाच्या कडेला झोळीत, आणि त्याला बघायला आठ-दहा वर्षांची थोरली बहीण. लहान भावंडाला सांभाळायला कुणी नाही म्हणून थोरलीची शाळा सुटते. संत भगवानबाबा वसतिगृह योजनेत ४१ तालुक्यांत मुलांची आणि मुलींची मिळून ८२ वसतिगृहं ठरलीत, प्रत्येकी शंभरची. उत्तम. पण थोरलीला वसतिगृहात ठेवायचं तर तान्ह्याची सोय आधी व्हायला हवी. 'पाळणा' योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडतात: ६ महिने ते ६ वर्षं, दिवसाला साडेसात तास, महिन्याला २६ दिवस, २५ मुलं. तोड मात्र पहाटे चार-पाचला सुरू होते. कारखान्याच्या तळावर पहाटे उघडणारं पाळणाघर हवं. दहाला उघडणाऱ्याचा या बायांना उपयोग नाही.

नेकारकाठ

इथे जर्मनीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी दोन ओळी, तुलनेलाही उपयोगी. किंडरगेल्ड म्हणजे बालभत्ता २०२५ साली दर मुलामागे महिन्याला २५५ युरो होता. उत्पन्नाची अट नाही, त्यामुळे उंबरठा यांनी लिहिलेली रेघच नाही. अर्जाला पालकाचा आणि बाळाचा करओळख क्रमांक लागतो. उशीर केला तर मागचे फक्त ६ महिने मिळतात, बाकी बुडाले. एल्टर्नगेल्ड वेगळं: आधीच्या निव्वळ पगाराच्या साधारण ६५ टक्के, किमान ३०० आणि कमाल १८०० युरो. एका पालकाला १२ महिन्यांपर्यंत, दोघांनी वाटून घेतलं तर मिळून १४. हे वरचे दोन महिने दुसऱ्या पालकानेही रजा घ्यावी म्हणूनच ठेवलेत. ते चालू असताना आठवड्याला ३२ तासांपर्यंत कामही करता येतं. मागचे पैसे इथे ३ महिन्यांचेच, तेव्हा बाळाचा जन्मदाखला हातात आला की अर्ज त्याच आठवड्यात टाका.

रानजाई

शिवारफेरी, फडावर असताना बाळाचे १४ आठवडे भरले तर २००० च्या हप्त्याचं काय करायचं? कार्ड गावाकडे, लस तिसऱ्याच जिल्ह्यात.

शिवारफेरी

कार्ड गावाकडे ठेवायचंच नाही. निघतानाच माता-बाल संरक्षण कार्ड आणि जन्मदाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपड्यांच्या बोचक्यात. लस कोणत्याही उपकेंद्रात मिळते, ६, १० आणि १४ आठवड्यांची. टोचल्यावर कार्डावर तारीख आणि सही तिथल्या तिथे घ्यायची, आणि आरसीएच क्रमांक दाखवून नोंद जुन्याच क्रमांकावर करायला सांगायची. नवा क्रमांक पाडला तर गावच्या नोंदीत बाळ बिनलशीचं दिसतं. गाव सोडायच्या आधी अंगणवाडीताईंना पोषण ट्रॅकरवर (अंगणवाडीच्या मोबाइल अॅपवर) स्थलांतराची नोंद करायला सांगा, म्हणजे तळाजवळच्या अंगणवाडीत आहार सुरू होतो. आता घरपोच आहारासाठी चेहऱ्याची ओळख लागते, म्हणून आईला स्वतः जावं लागतं. तळाजवळच्या ताईंना सांगून वाटप तोडीच्या सुट्टीच्या दिवशी ठेवता आलं तर हजेरी बुडत नाही.